टीका मागावी लागते

(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आश्विन पौर्णिमा. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेल्या वर्षावासाची आज सांगता होत आहे. चिटणीसांनी आम्हांला 'भीमगीतांची परंपरा' या विषयावर बोलावे असे सुचविले होते. आम्ही त्यांना विनंती केली की, परंपरेवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही बँकेतले कारकून, कला शाखेचे साधे पदवीधर, आणि गेली बावीस वर्षे वस्तीतल्या गायन मंडळात पेटी वाजवितो. तेव्हा आम्हांला तालमीच्या खोलीतले काही सांगू द्यावे. त्यांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार.

आपल्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मंडळींनी एकमेकांची चूक एकमेकांना सांगावी कशी, आणि सांगितलेली चूक ऐकून घ्यावी कशी, हा आजचा विषय. विषय लहान वाटेल. परंतु या एका गोष्टीत कमी पडल्यामुळे आमच्या मंडळाने एक चांगला आवाज गमावला आहे, आणि तो आमच्या हातून गमावला गेला आहे. तेव्हा येथे उपदेश करण्यास आम्ही उभे नाही. आमच्याकडून जे घडले ते सांगून, त्यातून आम्ही काय शिकलो एवढेच मांडणार आहोत.

प्रथम आपल्या गाण्याविषयी दोन शब्द. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे त्या विचारांचे जलसे खेडोपाडी होऊ लागले. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. गण, गवळण, बतावणी, वग असा तमाशाचा सांगाडा लोकांच्या ओळखीचा होता. तो त्यांनी हाती घेतला आणि त्यातला आशय बदलला. करमणुकीच्या जागी शिक्षण, स्वच्छता, संघटना आणि मनुष्यपणाचे हक्क आले. विद्यार्थी मित्रांनो, हे कार्यसुद्धा एका अर्थाने टीकाच होती. आपल्याच लोकांनी आपल्याच कलेकडे पाहिले, त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे ते ठरविले. ते कोणी बाहेरून येऊन सांगितले नव्हते.

पुढे कव्वालीचा जमाना आला. दोन पार्ट्या समोरासमोर बसत आणि रात्रभर सवाल-जवाब चाले. एका पार्टीने माहितीत चूक केली, तर दुसरी पार्टी ती गाण्यातूनच पकडी. मात्र तेथे एक बंधन होते. चूक काढणाऱ्यालाही गावे लागे. ताल सांभाळावा लागे, यमक जुळवावे लागे, आणि आपलेही चुकले तर पाच-सातशे लोकांसमोर ऐकून घ्यावे लागे. नुसते बाजूला बसून नाक मुरडण्याची सोय त्यात नव्हती.

आज काय स्थिती आहे? शास्त्रीय गायनाची मैफल झाली तर वर्तमानपत्रात कधी तरी तिचे परीक्षण येते. आपल्या जयंतीच्या रात्रीच्या कार्यक्रमाचे परीक्षण कोण लिहिणार? कोणी लिहीत नाही. म्हणजे आपले गाणे सुधारण्याची जबाबदारी आपल्यावरच येऊन पडते. आणि आपल्याकडे टीका दोनच प्रकारांनी होते. पहिला प्रकार स्टेजवर. 'अमुक यांच्याकडून एकशे एक रुपयांचे बक्षीस' असे माईकवरून पुकारले जाते, टाळ्या पडतात, वन्स मोअर होतो, सगळे छानच असते. दुसरा प्रकार कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर. तेथे 'कसला गातो तो, सूर तरी आहे का' असे सुरू होते, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालते तो तेथे नसतो. स्टेजवरच्या कौतुकाने गायक सुधारत नाही, टपरीवरच्या निंदेनेही सुधारत नाही. समोर बसवून, वेळेवर, त्याच्या भल्यासाठी सांगणे हा तिसरा प्रकार आहे, आणि तोच आपल्याकडून हरवत चालला आहे.

आता आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळात एक तरुण गात असे. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. दिवसा कुरिअरच्या कंपनीत काम आणि रात्री तालीम. आवाज पहाडी होता, शब्द स्वच्छ होते. तो स्वतः गाणीही लिही. त्या वर्षीच्या जयंतीसाठी त्याने माता रमाईंवर एक गीत लिहिले. प्रसंग असा, की येवल्याला धर्मांतराची घोषणा करून बाबासाहेब राजगृहावर परततात, रमाई दारात उभ्या असतात, आणि दोघांचे बोलणे होते. चाल साधी होती. तालमीत ते गीत ऐकताना ढोलकीवाल्याचे डोळे भरून आले होते.

परंतु आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आले असेल. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. माता रमाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. म्हणजे त्या घोषणेच्या साडेचार महिने आधीच त्या गेलेल्या होत्या. गीताचा सारा प्रसंगच घडलेला नव्हता.

जयंतीच्या रात्री मैदान भरले होते. त्याने ते गीत गायले. बायका पदराने डोळे पुसत होत्या. गीत संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्याच वेळी आम्ही पेटीवरून माईक ओढून घेतला. 'गीत सुंदर आहे, पण गायकाने थोडा इतिहासही वाचावा' असे म्हणून दोन्ही तारखा सांगितल्या. लोक हसले. काहींनी आम्हांला दाद दिली. 'सर अभ्यासू आहेत' असे कोणी तरी म्हणालेही. पुढच्या रांगेत त्या मुलाची आई बसली होती.

त्याने पुढची दोन गीते गायली, कार्यक्रम पुरा केला, आणि त्यानंतर तो तालमीला आला नाही.

आम्ही बरेच दिवस स्वतःची समजूत घालीत होतो. आम्ही जे बोललो ते खरे होते ना? मग खरे बोलणे हा काय गुन्हा झाला? मुले नाजूक झाली आहेत, यांना जरा बोललेले सोसत नाही. असे म्हणून आम्ही विषय बाजूला टाकीत होतो. परंतु एक गोष्ट आम्हांलाच माहीत होती आणि ती आत बोचत होती. आज ती सर्वांसमोर सांगतो. ती चूक आमच्या लक्षात जयंतीच्या रात्री आलेली नव्हती. तालमीच्या तिसऱ्या दिवशीच आली होती. त्यानंतर पाच दिवस आम्ही त्याच्या शेजारी बसून तेच गीत वाजवीत होतो आणि एक शब्द बोललो नाही. प्रथम वाटले, उद्या सांगू. मग वाटले, त्याला वाईट वाटेल. आणि शेवटी, मनाच्या तळाशी, असेही असेल की चारचौघांत सांगितले तर आपली विद्वत्ता दिसेल. म्हणजे वेळ होती तेव्हा आम्ही भिडेने गप्प राहिलो, आणि वेळ गेल्यावर मोठेपणासाठी बोललो.

बंधू-भगिनींनो, बँकेत आम्ही रोज जे काम करतो त्यात असे चालत नाही. एकाने नोंद केली की दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, असा नियम आहे. दुसऱ्याने 'रक्कम चुकली आहे, एक शून्य जास्त पडले' असे म्हटले, तर पहिला रागावत नाही, 'माझ्यावर विश्वास नाही का' असे विचारीत नाही. तो नोंद दुरुस्त करतो. तसेच कॅशचे. दिवसाची कॅश त्याच संध्याकाळी जुळवायची असते. फरक आला तर कॅशियर घरी जाण्याआधी शोधायचा. तो फरक कोणी मनात ठेवला आणि वर्षअखेरीला मोठ्या साहेबांसमोर उघड केला, तर अशा माणसाला कोणी अभ्यासू म्हणणार नाही. नोकरीत वीस वर्षे जो नियम आम्ही डोळे झाकून पाळला, तो तालमीच्या खोलीत पाळण्याचे आम्हांला सुचले नाही.

असे का होते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. एक कारण आपल्या इतिहासात आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हिणविले गेले, ज्याचे बोलणे, राहणे, खाणे, गाणे या सर्वांत इतरांनी दोषच काढले, त्या समाजातल्या माणसाला चूक सांगितली की त्यात त्याला अपमानच ऐकू येतो. ही त्याची कमजोरी नव्हे, तो त्याचा अनुभव आहे. 'सूर हलला' हे दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्द असतात, पण ऐकणाऱ्याला 'तुझी लायकी नाही' असे ऐकू येते. म्हणून आपल्यात टीका करणाऱ्यावर इतरांपेक्षा जास्त जबाबदारी आहे. दुसरे कारण असे, की गाणे बाबासाहेबांचे असते, तथागतांचे असते. विषय एवढा थोर, त्यात चुका काय काढायच्या, असे आपण म्हणतो. आम्हांला तर वाटते की विषय थोर आहे म्हणूनच शब्द तपासून घेतला पाहिजे. ज्या महापुरुषाने आयुष्यभर एकेक कागद पारखून लेखन केले, त्यांच्यावरच्या गीतात तारीख चुकू द्यायची, हा त्यांचा आदर नव्हे.

काही कार्यकर्ते असेही म्हणतात की, आपल्याच माणसावर टीका केली तर विरोधकांना बळ मिळते. त्यांनी एक गोष्ट आठवावी. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्यात त्यांनी विभूतिपूजेचा कठोर समाचार घेतला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही राजकारणातील भक्तीपासून त्यांनी देशाला सावध केले. जो नेता आपल्या लोकांना अशी शिकवण देतो, त्याचे अनुयायी एकमेकांच्या गाण्यातली चूकही सांगू शकत नसतील, तर ते बरे नव्हे.

आणि तथागतांनी तर यासाठी एक रीतच घालून दिली आहे. आज जो दिवस आहे, त्याच दिवसाची. विनयपिटकाच्या महावग्गात तिची हकिकत आहे. कोसल देशात काही भिक्खू एकत्र वर्षावासास राहिले. भांडण होऊ नये म्हणून त्यांनी आपसांत ठरविले की तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. काम सगळे बिनबोभाट झाले. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला भगवंतांच्या भेटीस गेले आणि आम्ही मोठ्या सुखाने, एकोप्याने राहिलो असे सांगू लागले. भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. हे तर मुक्या जनावरांसारखे राहणे झाले, अशा अर्थाचे बोलून त्यांनी त्यांना दोष दिला. आणि मग पवारणेची रीत सांगितली.

ही पवारणा काय आहे? वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघासमोर हात जोडून विनंती करायची, की माझ्यात काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर माझ्यावर अनुकंपा करून तो मला सांगावा, मी तो सुधारीन. यात दोन गोष्टी आमच्या मनाला फार लागल्या. पहिली, येथे टीका करणारा आपण होऊन उठत नाही. ज्याच्यावर टीका व्हायची तोच ती मागतो. दुसरी, प्रथम मागतो तो ज्येष्ठ भिक्खू, नवखा नंतर. एवढेच कशाला, श्रावस्तीच्या पूर्वारामात खुद्द तथागतांनी भिक्खूंना विचारले होते की, माझ्या आचरणात वा बोलण्यात तुम्हांला काही आक्षेपार्ह दिसते काय. जेथे बुद्ध विचारतात, तेथे पेटीवाल्याने विचारायला हरकत कोणती?

दोष सांगणाऱ्यासाठीही पाच अटी सांगितल्या आहेत. योग्य वेळी बोलावे. खरे बोलावे. मृदू बोलावे. हिताचे बोलावे. आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. आम्ही जयंतीच्या रात्री माईक ओढला तेव्हा या पाचांपैकी एकच अट पाळली होती, खरे बोलण्याची. उरलेल्या चार मोडल्या. वेळ चुकली होती, शब्द टोचणारे होते, त्या मुलाचे त्यात हित नव्हते, आणि मनात मैत्री होती असे आम्ही आज म्हणू शकत नाही. खरे असणे पुरेसे नसते, हे आम्हांला त्या मुलाच्या गप्प बसण्याने शिकविले.

एका वर्षी याच पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही म्हणालो, 'बाबा, आमचे काय चुकले ते तू सांग.' तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'सर, वर्ष चुकलं होतं, ते मान्य आहे. पण तुम्ही माझ्या शेजारी बसून आठ दिवस पेटी वाजवली. तुम्हांला ते माहीत नव्हतं का?' आम्ही खरे ते सांगितले. तो हसला नाही, रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, 'तेवढंच मला विचारायचं होतं.'

तेव्हापासून आमच्या मंडळात काही रीती आम्ही सुरू केल्या आहेत. त्या येथे सांगतो, म्हणजे इतर मंडळांना त्यातले काही घ्यावेसे वाटले तर घेता येईल.

नवीन गीताची पहिली तालीम वाद्यांशिवाय होते. गीत नुसते वाचले जाते आणि चार प्रश्न विचारले जातात. यातील वर्ष, गाव, नाव, नाते बरोबर आहे काय? शब्द पहिल्याच वेळी ऐकणाऱ्याला कळतील काय? कोणा स्त्रीचा, कोणा जातीचा वा धर्माचा यात अवमान होतो काय? आणि शेवटच्या कडव्यातले कवीचे नाव कायम आहे काय? हा चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या कित्येक कवींजवळ त्या एका नाममुद्रेखेरीज दुसरी मिळकत नव्हती. गायकाने ती गाळली किंवा तेथे आपले नाव घातले, तर ती चोरीच झाली. असे करणाऱ्याला आम्ही तालमीतच थांबवितो. प्रश्न गीताविषयी असतात, गाणाऱ्याविषयी नसतात. 'तुला काही कळत नाही' असे म्हणायचे नाही. 'दुसऱ्या अंतऱ्यात तिसरी ओळ तालात बसत नाही' असे म्हणायचे. ज्याने चूक काढली त्याने ती दुरुस्त होईपर्यंत सोबत बसायचे. आणि कार्यक्रमाच्या दिवशी, कार्यक्रम संपेपर्यंत, कोणी कोणाला काही बोलायचे नाही. तोपर्यंत जे सांगायचे राहून गेले, ते सांगणाऱ्याचे अपयश समजायचे.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी गोल बसायचे आणि ज्येष्ठाने प्रथम विचारायचे, की माझे काय चुकते? पहिल्या वेळी आम्ही विचारले. आम्हांला वाटले, कोण काय बोलणार! एका मुलीने हळूच सांगितले, 'सर, तुम्ही सगळ्यांना काळी एकमध्ये गायला लावता. आमचे आवाज त्यात खाली दबतात, मग लोक म्हणतात मुलींचा आवाज पोहोचत नाही.' बावीस वर्षे पेटी वाजविणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळू नये! आमची बोटे एका पट्टीला सरावली होती म्हणून मुलींना कमजोर ठरविले जात होते. आता मुली गातात तेव्हा आम्ही काळी चार, काळी पाच धरतो. आमची बोटे अडखळतात, ती अडखळू द्यावीत.

दुसऱ्या एका बैठकीत एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारले, 'आपल्या गाण्यांत रमाई फक्त रडतानाच का दिसतात?' एक जण चटकन म्हणाला, 'अगं, ते त्यागाचं वर्णन आहे.' पण प्रश्न टिकून राहिला. शेणी थापून, घर चालवून, मुलांचे मृत्यू सोसून जी बाई खंबीर उभी राहिली, तिच्या त्या खंबीरपणाचे एकही कडवे आमच्या वहीत नव्हते. ते आता लिहिले गेले आहे, आणि त्याच मुलीने लिहिले आहे.

टीका घेण्याविषयी आणखी एक सांगतो. एकदा कार्यक्रमानंतर वस्तीतल्या एक वयस्क आजी म्हणाल्या, 'पोरांनो, आवाज लई मोठा, पण बोल काय कळंना.' आम्ही मनात म्हटले, आजींना गाण्यातले काय कळते? घरी येऊन कुणी तरी मोबाईलवर केलेले रेकॉर्डिंग ऐकले. बेंजो आणि ऑक्टोपॅड यांच्याखाली गायकाचे शब्द खरोखरच बुडाले होते. आजींना सूर-ताल कळत नसेल. परंतु आपल्याला काय ऐकू आले नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आणि आपल्या गाण्यातून बोल गेला तर उरले काय? तेव्हा ऐकणाऱ्याने सांगितलेला उपाय चुकीचा असू शकतो, पण त्याची तक्रार सहसा खोटी नसते. धम्मपदाच्या पंडितवर्गात दोष दाखविणाऱ्या शहाण्या माणसाची तुलना गुप्तधन दाखविणाऱ्याशी केली आहे. आमच्या दारात असे धन सांगणारी माणसे येतात आणि आपण त्यांना 'तुम्हांला काय कळते' म्हणून परत पाठवितो.

याचा अर्थ प्रत्येक टीका शिरोधार्य मानावी असा नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. टीकेलाही हाच न्याय लावावा. सोण नावाच्या भिक्खूला भगवंतांनी वीणेचा दाखला दिला होता, कारण तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तरी ती नीट वाजत नाही, ढिली सोडली तरी वाजत नाही. तालमीतही तेच आहे. रोज प्रत्येक ओळीला टोकत बसलात तर मूल गाणेच सोडील. काहीच बोलला नाहीत तर ते जन्मभर बेसूर गाईल.

विद्यार्थी मित्रांनो, वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या आयुष्यातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. तरुणपणी मुंबईत असताना कोणी तरी त्यांना पत्र वाचून दाखविण्यास सांगितले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या गोष्टीची त्यांना लाज वाटली. परंतु लाज वाटली म्हणून त्यांनी तोंड लपविले नाही. ते बाराखडी शिकले, आणि पुढे त्याच हाताने हजारो गीते लिहिली. उणीव उघडी पडली म्हणजे माणूस संपतो असे नाही. त्यानंतर तो काय करतो, त्यावर सगळे असते. पण हेही लक्षात ठेवा, की अक्षरे शिकविणारे कोणी तरी त्यांना भेटले होते. उणीव दाखविणारा आणि हात धरून शिकविणारा एकच माणूस असेल, तर त्याच्या बोलण्याचा राग फार काळ टिकत नाही.

आपण विचाराल, त्या तरुणाचे पुढे काय झाले? तो परत आला आणि पूर्वीसारखा गाऊ लागला, असे सांगता आले असते तर आम्हांला फार आनंद झाला असता. पण तसे झालेले नाही. तो अजून स्टेजवर गात नाही. कधी कधी तालमीच्या खोलीत येतो, दाराजवळ बसतो, ऐकतो. गेल्या महिन्यात एका नव्या मुलाचे गीत चालू असताना त्याने त्याला बाजूला घेतले आणि हळू आवाजात काही सांगितले. काय सांगितले ते आम्हांला ऐकू आले नाही. मुलाने वही काढली आणि एक ओळ खोडून दुसरी लिहिली. आम्ही पेटी वाजवीत राहिलो.

आज पवारणेचा दिवस आहे. हे भाषण संपल्यावर जेवणे होतील, माणसे पांगतील. त्याआधी आपल्या शेजारी बसलेल्या, आपल्याला नीट ओळखणाऱ्या एका माणसाला विचारा, की माझे काय चुकते. आणि तो सांगू लागला, तर मध्ये बोलू नका. आमच्या आजच्या भाषणात जे चुकले असेल, तेही कृपा करून आम्हांला आजच सांगावे. टपरीवर सांगू नये, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!